ब्राउनिंगचे शेवटचे पिस्तूल



ब्राउनिंग हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. १९०९ सालच्या आरंभी लंडनच्या इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतला, तेव्हा त्याच्या पेटीच्या खोट्या तळाखाली सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगमधून. पुढचे खटले, ठाण्याची फाशी, अंदमान, हा सगळा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण ज्याचे नाव त्या पिस्तुलाला लागले तो माणूस कोण, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल.

मी यंत्रशास्त्र शिकवणारा माणूस. लढाई पाहिलेली नाही आणि शिकारीचाही नाद नाही. पिस्तुलाकडे मी पाहतो ते शिवणयंत्राकडे किंवा घड्याळाकडे पाहावे तसे. आज मी ज्या पिस्तुलाविषयी बोलणार आहे ते नाशिकचे नव्हे. त्याच माणसाने आयुष्याच्या अखेरीस आखायला घेतलेले, त्याच्या हयातीत पुरे न झालेले आणि पुढे पन्नासांहून अधिक देशांच्या सैन्यांत गेलेले ते पिस्तूल. आपल्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला अनेक दशके जे दिसत आले तेही त्याचेच भावंड.

जॉन मोझेस ब्राउनिंग याचा जन्म १८५५ साली अमेरिकेत यूटा प्रांतातील ऑग्डेन या गावी झाला. बाप बंदुका दुरुस्त करणारा. आपल्याकडे लोहाराचा मुलगा भात्यापाशी वाढतो तसा हा बापाच्या दुकानात वाढला. कॉलेजचे शिक्षण नाही आणि गणिताचा आधार बेताचाच. कल्पना डोक्यात आली की ती पोलादात घासून पाहायची, ही त्याची पद्धत. १८७९ मध्ये त्याला पहिले पेटंट मिळाले आणि आयुष्यभरात अशी सव्वाशेहून अधिक पेटंटे त्याच्या नावावर जमा झाली.

त्याच्या चरित्रातली एक गोष्ट नेहमी सांगतात. १८८९ च्या सुमारास तो एका नेमबाजीच्या मैदानावर उभा होता. कोणीतरी बंदूक झाडली आणि नळीच्या तोंडापुढचे गवत वाकले. गोळी गवताला लागली नव्हती. तिच्यामागून सुटलेल्या वायूच्या झोताने ते वाकले होते. हे गवत त्या दिवसापूर्वी हजारोंनी पाहिले असेल. ब्राउनिंगला वाटले की इतका जोर फुकट चालला आहे, त्याला कामाला का लावू नये? घरी जाऊन त्याने हात घातला तो याच प्रश्नाला, आणि उरलेले आयुष्य त्याने बहुतेक या एका प्रश्नावरच घालवले असे म्हटले तरी चालेल.

बंदुकीत फुकट जाणारा जोर दोन प्रकारचा. एक हा वायूचा झोत, आणि दुसरा मागे बसणारा धक्का. ज्याने एकदाही बंदूक झाडली आहे त्याच्या खांद्याला तो ठाऊक असतो. पिस्तुलात ब्राउनिंगने उपयोगात आणला तो हा धक्का. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चक्र फिरवण्याचे काम नेमबाजाच्या बोटाला करावे लागते आणि रिकाम्या पुंगळ्या मागाहून हाताने झाडून काढाव्या लागतात. स्वयंचलित पिस्तुलात तीच कामे धक्का करतो. पुंगळी बाहेर फेकायची, घोडा पुन्हा चढवायचा, नवे काडतूस वर ढकलायचे, आणि हे सारे पापणी लवण्याच्या आत.

बेल्जममध्ये लिएज शहराजवळ हर्स्टाल येथे शस्त्रांचा एक राष्ट्रीय कारखाना १८८९ मध्ये निघाला होता. ‘एफ्. एन्.’ ही त्याची आद्याक्षरे. १८९७ पासून ब्राउनिंगचा त्याच्याशी संबंध जडला. तिथे तयार झालेली त्याची पहिली पिस्तुले लहान आणि सौम्य काडतुसाची होती. मागचा जड भाग केवळ स्प्रिंगच्या जोरावर बंद राही आणि गोळी सुटली की आपोआप मागे सरके. १९१४ साली साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेले पिस्तूलही ब्राउनिंगनेच आखलेले, याच कारखान्यातले. यंत्र बनवणाऱ्याला त्याचे यंत्र कुठे कुठे जाईल याचा हिशेब ठेवता येत नाही.

पण सैन्याला सौम्य काडतूस चालत नाही, आणि आता आपण खऱ्या अडचणीपाशी येतो. दारू पेटली की काडतुसाच्या घरातला दाब क्षणार्धात दोन हजार वातावरणांच्या वर चढतो. आपल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये बाहेरच्यापेक्षा सुमारे एकाच वातावरणाचा दाब अधिक असतो, आणि तेवढ्यावरही झाकण घाईने उघडले तर काय होते ते इथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको. मग दोन हजार वातावरणांचे झाकण उघडायचे केव्हा? गोळी नळीत असतानाच ते उघडले तर पितळी पुंगळी फाटून नेमबाजाच्या तोंडावर येईल. उशीर केला तर धक्का संपून जाईल आणि यंत्र अर्ध्यावर अडकेल. गोळीला ती बारा सेंटिमीटरांची नळी ओलांडायला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. झाकण तेवढा वेळ घट्ट राहिले पाहिजे आणि त्यानंतर लगेच सुटले पाहिजे. शिवाय हे बोटाने किंवा घड्याळाने जमण्यासारखे नाही, ते घडवायचे भागांच्या हालचालीनेच.

ब्राउनिंगचे उत्तर समजायला मी तुम्हांला बोरघाटात नेतो. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात. ती गाडीला रेटत, तिच्याशी एकजीव होऊन घाट चढतात आणि माथ्यावर आली की सुटतात. पुढे गाडी एकटी जाते. पिस्तुलाच्या वरच्या अंगाला जो लांबट, मागेपुढे सरकणारा पोलादी भाग असतो त्याला स्लाईड म्हणतात. नळी तिच्या पोटात असते. नळीच्या पाठीवर आडवे उंचवटे असतात आणि स्लाईडच्या आतल्या अंगाला त्यांच्याच मापाच्या खाचा. गोळी झाडण्याच्या क्षणी उंचवटे खाचांत बसलेले असतात, म्हणजे नळी आणि स्लाईड एकमेकींना जखडलेल्या असतात. धक्का बसला की दोघी मिळून जराशा मागे येतात. तेवढ्या प्रवासात गोळी बाहेर पडते आणि दाब उतरतो. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, उंचवटे खाचांतून निसटतात, नळी थांबते आणि स्लाईड एकटी मागे धावते. जाताना ती पुंगळी ओढून बाहेर टाकते आणि घोडा चढवते, आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीत सारून नळीला पुन्हा वर उचलते. कुलूप पुन्हा लागते.

नळीला खाली झुकवायचे कसे, यात त्याने आयुष्यभर एकेक भाग कमी करीत नेला. १९०० च्या पिस्तुलात नळीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन दांड्या होत्या. अमेरिकेच्या सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलेल्या त्याच्या प्रसिद्ध .४५ पिस्तुलात एकच झुलती दांडी राहिली. या पिस्तुलाची परीक्षा मोठी कडक होती. एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या, तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू. प्रतिस्पर्धी पिस्तूल सदतीस वेळा अडले, ब्राउनिंगचे एकदाही नाही. शेवटच्या पिस्तुलात ती एक दांडीही गेली. नळीच्या खालीच एक तिरपा उतार कापलेला आहे. मागे येताना तो सांगाड्यातल्या आडव्या तुकड्यावर घासतो आणि नळी आपोआप खाली येते. तुटायला, झिजायला, हरवायला वेगळा भागच उरला नाही. माझ्या मते यंत्रज्ञाचे म्हातारपण कसे असावे याचा हा नमुना आहे. विद्यार्थी माझ्याकडे आराखडे घेऊन येतात तेव्हा त्यांत दर वेळी दोन स्प्रिंगा वाढलेल्या असतात.

आता हे शेवटचे पिस्तूल मागितले कोणी, ते सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या सैन्याला नवे पिस्तूल हवे होते. त्यांच्या अटी अशा. वजन एक किलोच्या आत, नळी नऊ मिलिमीटर किंवा अधिक, मॅगझिनमध्ये निदान दहा काडतुसे, पन्नास मीटरांवर माणूस ठार करण्याची ताकद, उघडायला आणि जोडायला सोपे, घोडा बाहेर दिसणारा, भरवशाचा खटका. आणि एक अट आणखी होती. मॅगझिन काढून घेतले असता चाप ओढूनही गोळी सुटता कामा नये. ही शेवटची अट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

दहा काडतुसांची अट वाटते तितकी साधी नव्हती. तोवरच्या बहुतेक पिस्तुलांत काडतुसे मुठीच्या पोकळीत एकावर एक अशी रचत, भाकऱ्यांच्या चवडीसारखी. सात-आठ झाली की मूठ भरली. अधिक घालायची तर मूठ लांब करावी लागे. हर्स्टालच्या कारखान्यात द्यूदोने सैव्ह नावाचा एक तरुण कारागीर-यंत्रज्ञ होता. त्याने काडतुसे दोन रांगांत, एकमेकींच्या खोबणीत बसतील अशी रचली आणि मॅगझिनचे तोंड वर निमुळते करून दोन रांगांची एक रांग केली. देवळाच्या दारापाशी दोन्ही बाजूंची माणसे आळीपाळीने एकेक आत सोडावीत तसे. मूठ थोडीशीच जाड झाली आणि काडतुसे जवळजवळ दुप्पट मावू लागली. युक्ती ऐकायला सोपी आहे, पण दारात दोघे एकदम घुसून अडकू नयेत यासाठी पत्र्याचे वळण आणि स्प्रिंगचा जोर किती नेमका लागत असेल याची कल्पना करा. आजच्या बहुतेक लष्करी पिस्तुलांचे मॅगझिन याच दोन रांगांच्या तत्त्वावर असते.

ब्राउनिंगने यूटामध्ये बसून दोन नमुने केले, एक कुलपाचा आणि एक बिनकुलपाचा. कारखान्याने कुलपाचा उचलला. पेटंटाचा अर्ज २८ जून १९२३ चा. पुढे काम चालू असतानाच २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएज येथे, म्हणजे त्याच कारखान्याच्या गावी, ब्राउनिंग हृदयविकाराने वारला. त्याला तेव्हा बहात्तरावे वर्ष चालू होते. पेटंट मंजूर झाले ते फेब्रुवारी १९२७ मध्ये, तो गेल्यानंतर.

उरलेले काम सैव्हच्या अंगावर आले. इथे एक मौज आहे. ब्राउनिंगने १९११ च्या पिस्तुलाची पेटंटे अमेरिकेतील कोल्ट कंपनीला दिली होती. त्यामुळे हर्स्टालसाठी काम करताना ब्राउनिंगला स्वतःच्याच युक्त्या टाळाव्या लागत होत्या. १९२८ मध्ये त्या पेटंटांची मुदत संपली आणि सैव्हने गुरूच्या जुन्या आराखड्यातले चांगले ते बिनदिक्कत उचलून नव्यात बसवले. मग त्याने नळी आखूड केली आणि मॅगझिन तेरा काडतुसांवर आणले. १९३५ मध्ये बेल्जमच्या सैन्याने ते स्वीकारले. ज्या फ्रान्सने अटी घातल्या होत्या त्याने मात्र घेतले नाही. त्याने याच तत्त्वाचे पण कमी काडतुसांचे, आपल्याच देशातले पिस्तूल पसंत केले. आरंभीच्या काही पिस्तुलांवर पाचशे मीटरांपर्यंतच्या खुणा असलेली नेमपट्टी होती. पिस्तुलाने पाचशे मीटरांवर नेम धरणारा वीर मला भेटायचा आहे.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा बेल्जममध्ये शिरल्या आणि कारखाना त्यांच्या हाती गेला. यंत्रे तशीच चालू राहिली, फक्त पिस्तुलावरचा शिक्का बदलला. युद्धाच्या काळात जर्मनांनी तिथून तीन लाखांहून अधिक पिस्तुले घेतली. सैव्ह इंग्लंडला निसटला. दोस्तांकडे पिस्तूल होते पण कारखाना नव्हता. तेव्हा कॅनडात टोरोंटो येथील जॉन इंग्लिस कंपनीने ते काम हाती घेतले, मूळ मागणी होती चीनच्या राष्ट्रवादी सरकारची. हीच कंपनी युद्धानंतर धुलाईयंत्रांसाठी घरोघर माहीत झाली. १९४४ आणि १९४५ या दोन वर्षांत तिथे सुमारे दीड लाख पिस्तुले तयार झाली. म्हणजे एकाच आराखड्याचे पिस्तूल एकाच वेळी हिटलरच्या सैनिकाकडे होते आणि त्याच्याशी लढणाऱ्या कॅनडाच्या सैनिकाकडेही. पुढे असेच पुन्हा घडले. १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश आणि अर्जेंटिनी अशा दोन्ही बाजूंच्या कमरेला हेच पिस्तूल होते. ब्रिटनने ते १९५४ मध्ये स्वीकारले होते आणि अर्जेंटिना परवाना घेऊन आपल्या रोसारिओ शहरात ते बनवीत होती.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्यांजवळ वेब्ली आणि एन्फील्डची रिव्हॉल्व्हरे असत. स्वातंत्र्यानंतर हळूहळू त्यांची जागा या पिस्तुलाने घेतली, आणि पुढे कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत कॅनडाच्या इंग्लिस पिस्तुलाच्या धर्तीवर ते तयार होऊ लागले. ‘पिस्तूल ऑटो ९ एम्. एम्. १ए’ हे त्याचे सरकारी नाव. पोलिसदलांतही ते गेले. एखाद्या संचलनात अधिकाऱ्याच्या कमरेचे कातडी म्यान पाहिले असेल, तर आत बहुधा ऑग्डेनच्या त्या कारागिराचा शेवटचा विचार होता.

आता फ्रेंचांच्या त्या शेवटच्या अटीकडे वळतो. माझ्या मते या पिस्तुलाची खरी गंमत, आणि खरा वाद, तिच्यात आहे.

मी लहान होतो तेव्हा आमच्या वाड्यात लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. दसऱ्याला ते आपले जुने पिस्तूल काढून पुशीत, आणि आम्ही भोवती कोंडाळे करून बसत असू. एका वर्षी त्यांनी मॅगझिन काढून चटईवर ठेवले, ‘आता हे लाकूड झाले’ असे म्हणाले आणि चाप ओढला. गोळी छताच्या तुळईत शिरली. माझ्या थोरल्या भावाचे डोके त्या रेषेपासून वीतभर अंतरावर होते. काकांनी नंतर पिस्तूल परत कधी काढले नाही आणि आमच्याशी ते पुष्कळ दिवस बोललेही नाहीत. तुळईतले भोक मात्र वाडा पडेपर्यंत होते.

झाले काय होते? मॅगझिन काढल्याने खालचा साठा जातो, नळीत आधीच चढलेले एक काडतूस जात नाही. स्लाईड मागे ओढून ते बाहेर काढावे लागते. तीस वर्षे शस्त्र वापरलेल्या माणसालाही ते विसरता येते, कारण हातात रिकामे मॅगझिन दिसले की मन म्हणते, झाले, संपले. फ्रेंचांना हे ठाऊक होते. त्यांच्या अटीप्रमाणे या पिस्तुलात चापाला जोडलेला एक छोटा अडसर बसवला. मॅगझिन जागेवर असेल तर ते त्या अडसराला दाबून धरते आणि चाप काम करतो. मॅगझिन निघाले की अडसर पुढे येतो, चापाचा दुवा तुटतो आणि नळीत काडतूस असले तरी गोळी सुटत नाही. काकांच्या हातात हे पिस्तूल असते तर ती तुळई अभंग राहिली असती.

मग वाद कसला? पहिली तक्रार सैनिकांची. तो अडसर मॅगझिनच्या पत्र्यावर घासतो. चाप त्यामुळे जड आणि खरखरीत होतो, आणि नेमबाजाच्या दृष्टीने चाप हा पिस्तुलाचा प्राण. बटण दाबले तरी मॅगझिन आपल्या वजनाने खाली पडत नाही, बोटाने ओढावे लागते. पुन्हा, झटापटीत मॅगझिन पडले तर नळीत एक गोळी असूनही सैनिक निःशस्त्र! म्हणून पुष्कळांनी तो तुकडा काढूनच टाकला.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे आणि ती मला पटते. पिस्तूल ठेवून देण्यापूर्वी चढलेला घोडा उतरवायचा असतो. उतरवायला चाप ओढावा लागतो. पण मॅगझिन बाहेर असताना चाप तर मेलेला! मग माणूस काय करतो? रिकामे मॅगझिन पुन्हा आत घालतो आणि चाप ओढतो. नळी तपासलेली असेल तर ठीक. नसेल तर ज्या अपघातासाठी हा सगळा खटाटोप केला तो अपघात सरळ दारात उभा. शिवाय घाईत रिकाम्याऐवजी भरलेले मॅगझिन हाती आले तर? एक दार बंद करताना यंत्रज्ञाने शेजारचे दार उघडे ठेवले आणि तिकडून जायची वाटही स्वतःच आखून दिली. एवढे असूनही तो अडसर काढून टाकणाऱ्यांच्या बाजूला मी जाणार नाही. सैनिकाला रोज कवायत असते, पण पिस्तूल सैनिकाच्या हातातून घरी येते, पेटीत पडते, मुलांच्या हाती लागते. तिथे कवायत नाही, तिथे तो खरखरीत तुकडाच काय ती राखण करतो. माझे मत त्या तुळईने बनवलेले आहे, हे मी लपवीत नाही.

हर्स्टालच्या कारखान्याने हे पिस्तूल २०१७ पर्यंत चालवले. त्याच्या आधीच, २०१३ पासून, ब्रिटनने त्याच्या जागी ऑस्ट्रियाचे ग्लॉक आणले होते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने जुने पिस्तूल पुन्हा बाजारात आणले. आराखडा जवळजवळ तोच, मॅगझिन मात्र पंधरा काडतुसांचे. फ्रेंचांचा तो अडसर त्यात ठेवलेला नाही.